स्वार मोठा की विजेचा मेंदू?

एका तारेची किंमत किती असावी? करंगळीहूनही बारीक अशी एक साधी तार. पण २९ सप्टेंबर २०१३ रोजी स्पेनमधील आरागॉनच्या शर्यतीत तिची किंमत साऱ्या जगाला कळून चुकली. मोटोजीपी म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यतीतील सर्वोच्च स्पर्धा. तीत त्या दिवशी सहाव्या फेरीला होंडा कंपनीचेच दोन स्वार एकामागोमाग एका वळणात शिरले. पुढे होता डॅनी पेद्रोसा आणि मागे होता वीस वर्षांचा मार्क मार्केझ. मार्केझने ब्रेक दाबायला किंचित उशीर केला, तो वळणाबाहेर जाऊ लागला आणि जाता जाता पेद्रोसाच्या गाडीच्या मागल्या भागाला त्याचा ओझरता स्पर्श झाला. पाहणाऱ्यांना वाटले, काहीच झाले नाही. पेद्रोसालाही तसेच वाटले असावे. वळण संपता संपता त्याने नेहमीप्रमाणे मूठ पिळली आणि दुसऱ्याच क्षणी गाडीने त्याला गोफणीतल्या दगडासारखे वर भिरकावून दिले!

झाले होते ते इतकेच. त्या ओझरत्या स्पर्शाने मागल्या चाकाचा वेग मोजणाऱ्या यंत्राची तार तुटली होती. गाडीतल्या विजेच्या मेंदूला मागले चाक किती फिरते आहे हे दिसेनासे झाले. आंधळ्या झालेल्या मेंदूने स्वाराला सावरले नाही. चाक जागच्या जागी गरगरले, घसरले आणि पेद्रोसा जमिनीवर आदळला. सुदैवाने जिवावरचे संकट टळले. मार्केझने ती शर्यत जिंकली. पुढे पंचांनी त्याच्या नावे दंडाचा एक गुण लिहिला आणि होंडाचे त्या शर्यतीतले २५ गुण कापले. गुन्हा काय, तर इतकी महत्त्वाची तार इतकी उघडी का ठेवली!

आता प्रश्न असा की, हा पेद्रोसा कोणी नवशिका होता काय? मुळीच नाही. २००३ साली १२५ सी.सी. गटाचा आणि २००४ व २००५ साली २५० सी.सी. गटाचा तो जगज्जेता. अशा पट्टीच्या स्वाराचा तोल एका तारेवर अवलंबून असेल, तर मग शर्यत जिंकतो तो कोण? माणूस की यंत्र? गेली पंधरा-वीस वर्षे मोटरसायकलच्या शौकिनांत हा वाद धुमसतो आहे. फटफटीवर कधी न बसलेल्या वाचकालाही तो रंजक वाटावा, कारण तो केवळ फटफटीचा वाद नाही. हातातले कसब आणि त्याच्या मदतीला आलेले यंत्र यांचा हा जुनाच झगडा आहे.

तळहाताएवढ्या रबराचा खेळ

वाद समजून घ्यायचा तर आधी थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. मोटरसायकल वळणावर कलते हे आपण रोज पाहतो. शर्यतीतली गाडी इतकी कलते की, स्वाराचा गुडघाच नव्हे तर कोपरही रस्त्याला घासतो. उभ्या रेषेपासून हा कल साठ अंशांच्याही पुढे जातो. अशा वेळी टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताहूनही लहान असतो. गाडीचे वजन दीडशे किलोच्या वर आणि इंजिनाची ताकद तीनशे अश्वशक्तीच्या जवळपास. सरळ रस्त्यावर हीच गाडी किती धावते? २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेल्लो येथे ब्रॅड बाइंडर या स्वाराने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला होता!

एवढी ताकद त्या चिमूटभर रबरावर एकदम सोडली तर काय होईल? मागले चाक रस्त्यावरची पकड सोडून बाजूला घसरू लागते. स्वार घाबरून मूठ एकदम सोडतो. चाकाला पकड पुन्हा अचानक मिळते. कललेली गाडी झटका देऊन उभी राहते आणि वर बसलेल्या माणसाला पलीकडे फेकून देते. या अपघाताला शर्यतवाले ‘हायसाइड’ म्हणतात. गाडी नुसती पायाखालून निसटली तर माणूस घसरत जातो, कातडी सोलवटते आणि बहुधा तो उठून उभा राहतो. हायसाइडमध्ये मात्र तो आधी आकाशात जातो आणि मग खाली येतो. हाडे मोडतात ती तिथे.

म्हणजे कसब कशात? तर चाक किती घसरू द्यायचे यात. आणि गंमत अशी की, मुळीच घसरू न देणे हेही चुकीचेच! टायर किंचित घसरत असतानाच त्याची ओढ सर्वांत जास्त असते. थोडे घसरले तर वेग मिळतो, जरा जास्त घसरले तर इस्पितळ. या दोहोंमधली रेषा केसाएवढी बारीक. ती ओळखायची कशाने? बुडाने, मनगटाने आणि कानाने.

हाडांनी लिहिलेला इतिहास

ही विद्या जगाला शिकवली अमेरिकन स्वारांनी. तिकडे मातीच्या लंबगोल मैदानावर शर्यती होतात आणि तिथे मागले चाक घसरवत नेल्याशिवाय गाडी वळतच नाही. केनी रॉबर्ट्स हा त्या मातीत तयार झालेला गडी. त्याने १९७८, १९७९ आणि १९८० असे लागोपाठ तीन वेळा ५०० सी.सी. गटाचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा युरोपातल्या स्वारांनी तोंडात बोटे घातली.

त्या काळच्या ५०० सी.सी.च्या गाड्या म्हणजे बिथरलेली जनावरे. इंजिन टू-स्ट्रोक, वजन सुमारे १३० किलो. ताकद हळूहळू येत नसे. ती बराच वेळ दडी मारून बसे आणि एका ठराविक फेऱ्यांनंतर एकदम अंगावर धावून येई. १९९२ मध्ये होंडाच्या इंजिनिअरांनी एक नामी युक्ती काढली. चारही सिलिंडरांचे स्फोट अंतराअंतराने न होता जवळजवळ एकाच दमात होतील असे त्यांनी केले. त्यामुळे दोन दणक्यांच्या मध्ये टायरला दम खायला फुरसत मिळू लागली आणि पकड सुधारली. या इंजिनाला ‘बिग बँग’ असे नाव पडले. विजेचा मेंदू नव्हता, पण चाकाला सावरण्याची ही खटपट तेव्हाच सुरू झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच गाडीवर ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहनने १९९२ सालच्या पहिल्या चारही शर्यती जिंकल्या. जगज्जेतेपद जणू खिशातच पडले होते. पण जून महिन्यात हॉलंडमधील आसेन येथे सराव करताना तो पडला, पायाचे हाड मोडले आणि उपचारात असे काही बिघडले की, पाय कापण्याची वेळ आली. इटलीचे डॉक्टर क्लाउदिओ कोस्ता यांनी त्याला तिथून हलवले आणि जखमी पायाला रक्त मिळावे म्हणून त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना शिवून ठेवले! पाय वाचला. डूहन हंगामाच्या अखेरीस परत गाडीवर बसला आणि जगज्जेतेपद अवघ्या ४ गुणांनी हुकले.

उजवा घोटा निकामी झाल्याने त्याला मागला ब्रेक दाबता येईना. तेव्हा डाव्या अंगठ्याने दाबायचा ब्रेक त्याच्यासाठी बसवण्यात आला. पुढे १९९४ ते १९९८ अशी पाच वर्षे हाच लंगडा वीर जगज्जेता होता. अपंगत्वावरचा तो उपाय आज धडधाकट स्वारही हौसेने वापरतात. उद्याची सोय ही पुष्कळदा कालच्या दुखण्यातून जन्मते, ती अशी.

सगळ्यांचे नशीब मात्र एवढे बलवत्तर नव्हते. १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षे जगज्जेता ठरलेला वेन रेनी सप्टेंबर १९९३ मध्ये इटलीतल्या मिसानोला आघाडीवर असताना पडला आणि छातीपासून खाली लुळा झाला. वयाच्या बत्तिशीत कारकीर्द संपली. ‘त्या काळी खरे मर्द गाडी चालवत’ असे उसासे टाकणाऱ्यांनी ही नावे आठवावीत. त्या मर्दुमकीची किंमत हाडांत आणि मणक्यांत मोजली गेली आहे.

मूठ पिळणे म्हणजे आता अर्ज करणे

५०० सी.सी.चे युग २००१ साली संपले. २००२ पासून ९९० सी.सी.ची फोर-स्ट्रोक इंजिने आली. ताकद वाढली आणि तिच्या पाठोपाठ विजेचा मेंदूही आला.

हा मेंदू करतो काय? दोन्ही चाकांचा वेग तो सतत मोजतो. गाडीच्या पोटात आणखी एक लहानशी डबी असते. गाडी किती कलली, नाक वर उचलले की खाली गेले, शेपूट कुठे चालली, हे ती सांगते. पुढल्या चाकाहून मागले चाक जास्त फिरू लागले की समजावे, घसरण सुरू झाली. पण हिशेब इतका सोपा नाही. मोटरसायकलचा टायर गोलसर असतो. गाडी कलली की त्याची कड टेकते आणि कडेचा घेर मध्यापेक्षा लहान असतो. म्हणजे घसरण नसतानाही चाक जास्त फेरे घेते. हा कलाचा फरक वजा करून मेंदू ठरवतो की, घसरण हवी तेवढीच आहे की जास्त. जास्त वाटली की एखाद्या सिलिंडरची ठिणगी गाळतो, ठिणगीची वेळ मागे सरकवतो किंवा हवेची झडप थोडी मिटतो. स्वाराच्या मनात ‘अरेरे’ उमटण्यापूर्वी हे सारे आटोपलेले असते!

पूर्वी मूठ आणि इंजिन यांच्यात एक पोलादी केबल असे. आता तिथे विजेच्या तारा आहेत. स्वार मूठ पिळतो म्हणजे इंजिनाला हुकूम देत नाही, तर मेंदूकडे अर्ज करतो. मेंदू तो पाहून मंजूर करतो, कधी पूर्ण, कधी निम्मा. पुढले चाक उचलू नये म्हणून एक योजना, सुरुवातीला गाडी झेपावताना दुसरी, मूठ सोडल्यावर इंजिनाचा अडसर किती लागावा याची तिसरी. आणि हे सारे प्रत्येक वळणासाठी वेगवेगळे बसवलेले.

या मेंदूची एक गमतीदार हकिगत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मलेशियाच्या सेपांग येथे डुकाटीचा होर्हे लोरेन्झो आघाडीवर होता आणि त्याच संघाचा आंद्रेया दोवित्सिओसो दुसरा. जगज्जेतेपदाची आशा होती ती दोवित्सिओसोला. धावत्या लोरेन्झोच्या समोरच्या पडद्यावर अक्षरे उमटली, ‘सुचवलेले मॅपिंग : मॅपिंग ८’. वरवर पाहता इंजिनाची जुळणी बदलण्याचा तांत्रिक सल्ला. जाणकारांनी मात्र त्याचा अर्थ लावला, ‘बाबा रे, मागच्याला पुढे जाऊ दे!’ पुढे एका वळणावर लोरेन्झोची गाडी डळमळली आणि दोवित्सिओसो पहिला आला. आपण तो निरोप पाहिलाच नाही, असे लोरेन्झोचे म्हणणे. खरे-खोटे त्यालाच ठाऊक.

गाडी तीच, मग माणूस कुठे गेला?

टीकाकार म्हणतात, ‘मेंदूच सगळे करतो, मग वर माकड बसवले तरी चालेल.’ ऐकायला ठसकेबाज आहे, पण दाखले तपासून पाहू.

२००७ साली ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टोनरने डुकाटीवर १८ पैकी १० शर्यती जिंकून जगज्जेतेपद पटकावले. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. म्हणाले, ही डुकाटीच्या विजेच्या करामतीची किमया! २०११ मध्ये स्टोनर होंडाकडे गेला आणि डुकाटीवर आला साक्षात व्हॅलेंटिनो रॉसी, सर्व गट मिळून नऊ वेळा जगज्जेता. काय घडले? रॉसीला दोन वर्षांत डुकाटीवर एकही शर्यत जिंकता आली नाही आणि स्टोनर होंडावर बसून पहिल्याच वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. नाके सरळ झाली! आणि विजेच्या मदतीने स्वाराचे महत्त्व कमी होते, अशी तक्रार सर्वांत मोठ्याने करणाऱ्यांत हाच स्टोनर होता.

दुसरा दाखला २०१९ चा. होंडाच्या एकाच संघात दोन स्वार, मार्केझ आणि तोच आपला लोरेन्झो. लोरेन्झोही साधासुधा नव्हे. २०१०, २०१२ आणि २०१५ चा जगज्जेता. गाडी त्याच जातीची, मेंदू तोच. वर्षाअखेर मार्केझचे गुण ४२० आणि लोरेन्झोचे २८! दुखापतीमुळे लोरेन्झोच्या काही शर्यती बुडाल्या हे खरे. पण ४२० आणि २८ यांमधली दरी तेवढ्याने भरत नाही. पुढच्या वर्षी मार्केझ जायबंदी होऊन घरी बसला, तर त्या बलाढ्य होंडाला वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही.

तिसरा दाखला तर माणूस आणि यंत्र यांच्या उघड सामन्याचा आहे. यामाहा कंपनीने मोटोबॉट नावाचा यंत्रमानव तयार केला. तो खऱ्याखुऱ्या मोटरसायकलवर बसे, मूठ पिळे, गिअर टाके, ब्रेक दाबे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल येथे त्याची वेळ रॉसीच्या वेळेशी ताडून पाहण्यात आली. यंत्रमानवाला एका फेरीला लागले ११७.५०४ सेकंद आणि रॉसीला ८५.७४०. जवळजवळ ३२ सेकंदांचा फरक! ज्या खेळात सेकंदाच्या हजाराव्या भागावर हार-जीत ठरते, तिथे ३२ सेकंद म्हणजे एक युगच.

असे का व्हावे? कारण मेंदूची मदत मुख्यतः मागल्या चाकाला आहे. पुढले चाक अजून माणसाच्याच स्वाधीन. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी एबीएसची सोय असते. मोटोजीपीत तिला बंदी आहे. साडेतीनशेच्या वेगावरून शंभरावर येताना ब्रेक कधी, किती आणि कुठवर दाबायचा हे दोन बोटेच ठरवतात. तिथे पुढले चाक निसटले तर कोणताही मेंदू धावून येत नाही. मार्केझने निसटलेली गाडी कोपराने आणि गुडघ्याने रेटून कितीदा उभी केली आहे, त्याची चित्रे पाहावीत. कसब मेले नाही, त्याने जागा बदलली. मागल्या चाकावरून ते पुढल्या चाकावर आले.

मर्यादा कोणी घालायची?

मदतीचा इतिहासही तपासण्यासारखा आहे. अगदी आरंभीच्या मोटरसायकलींवर स्वाराला चालता चालता हातपंपाने इंजिनाला तेल पाजावे लागे आणि ठिणगीची वेळ दांडीने मागेपुढे करावी लागे. त्या कामाला यंत्र आले, तेव्हा कसब बुडाले म्हणून कोणी आज रडत नाही. १९८६ पर्यंत या जागतिक शर्यतींत बंद गाडी ढकलत, धावत धावत चालू करावी लागे. १९८७ पासून चालू इंजिनावर सुरुवात होऊ लागली, तेही अंगवळणी पडले. २०१८ पासून प्रत्येक स्वाराच्या कातडी पोशाखात हवेची पिशवी सक्तीची झाली. स्वार गाडीवरून फेकला जातो आहे हे पोशाखातलाच मेंदू ओळखतो आणि अंग जमिनीवर आदळण्यापूर्वी पिशवी फुगवतो. या मदतीविरुद्ध कोणा जुन्या खोडाने चकार शब्द काढलेला नाही!

म्हणजे वाद मदतीचा नाहीच, तो सीमारेषेचा आहे. जीव वाचवणारी मदत सर्वांना हवी. निर्णय हिरावून घेणारी मदत मात्र खेळाला मारक. अडचण ही की, पुष्कळदा एकच तार दोन्ही कामे करते.

यावर शर्यतवाल्यांनी काढलेली तोड व्यवहारी आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापला मेंदू घडवी आणि ज्याची थैली मोठी त्याचा मेंदू तल्लख. २०१६ पासून सर्वांना एकाच बनावटीचा मेंदू आणि त्यात एकाच प्रकारची गणिते सक्तीची झाली. त्या वर्षी नऊ वेगवेगळ्या स्वारांनी शर्यती जिंकल्या. टायरची कंपनीही त्याच वर्षी बदलली होती आणि पावसानेही हात दिला होता, म्हणून सारे श्रेय एका नियमाला देणे योग्य नव्हे. पण श्रीमंत आणि गरीब संघांतले अंतर कमी झाले हे नि:संशय. पुढे वळणातून बाहेर पडताना गाडीची उंची खाली बसवणारी यंत्रणा आली. तिला २०२७ च्या हंगामापासून बंदी आणि इंजिन १००० वरून ८५० सी.सी.वर, असे नियम २०२४ मध्येच जाहीर करण्यात आले. यंत्राची घोडदौड पाहून माणसाने लगाम ओढल्याची ही उदाहरणे.

आणि ज्यांना वाटते की मेंदू आला, आता धोका संपला, त्यांनी मार्केझकडेच पाहावे. १९ जुलै २०२०, स्पेनमधील हेरेझ. सगळी विजेची कवचकुंडले गाडीवर असताना तो हायसाइडने फेकला गेला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. त्या एका हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या. होंडा सुटली, गाडी बदलली आणि २०२५ मध्ये डुकाटीवर तो पुन्हा जगज्जेता झाला. या पाच वर्षांत हाडे जुळवण्याचे काम डॉक्टरांनी केले. पण मोडल्या हाताने पुन्हा मूठ पिळण्याचे धैर्य कुठल्या डबीतून आले?

तुमच्या-आमच्या रस्त्यावर

हा सगळा झाला शर्यतीचा मामला. पण शर्यतीत जे घडते ते उशिरा का होईना घराघरात येते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या गाड्यांत तर कल ओळखणारे एबीएस आणि चाकाची घसरण रोखणारी यंत्रणाही मिळते. एकेकाळी ज्याच्यासाठी कारखान्यांनी पैसा पाण्यासारखा ओतला, ते आता कॉलेजातल्या पोराच्या बुडाखाली आले आहे.

इथे मात्र वादाला जागा नाही. शर्यतीच्या मैदानावर वळणाच्या बाहेर खडीची मोकळी जागा असते, डॉक्टर उभे असतात आणि समोरून एस.टी. येत नसते. खंबाटकीच्या घाटात पहिल्या पावसाच्या निसरड्यावर कोणाला कसब दाखवायचे आहे? तिथे जी मदत मिळेल ती दोन्ही हातांनी घ्यावी. फक्त एवढे विसरू नये की, तो मेंदू रबराची पकड वाढवू शकत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, इतकेच. टायर गुळगुळीत झाला असेल आणि वेग बेताल असेल, तर तोही हात टेकतो.

वेन रेनी २०२२ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे पुन्हा एकदा आपल्या जुन्या यामाहावर बसला. पाय निर्जीव, गाडी हातांनीच चालावी अशी व्यवस्था केलेली. यंत्राने त्याच्या पायांचे काम केले आणि गाडी पुढे निघाली. ती कुठे वळवायची आणि किती पळवायची हे मात्र त्यानेच ठरवले. मदत असावी ती अशी. हातापायांची उणीव भरून काढणारी आणि लगाम मात्र स्वाराच्याच हाती ठेवणारी.